पॉकेट बंद झालं, पण चांगले लांब लेख गेले कुठे?

८ जुलै २०२५ ला मोझिलाने पॉकेट बंद केलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे ॲप कधी वापरलंही नसेल, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. एखादा लांब लेख दिसला आणि तेव्हा वाचायला वेळ नसेल, तर एक बटण दाबायचं. लेख तुमच्या यादीत जाऊन पडायचा, जाहिराती गळून जायच्या आणि नेट नसतानाही वाचता यायचा. २००७ साली सुरू झालं तेव्हा त्याचं नाव 'रीड इट लेटर' होतं. २०१७ मध्ये मोझिलाने ते विकत घेतलं. लोकांची वेब वापरायची पद्धत बदलली, असं कारण देऊन शेवटी त्यांनी ते गुंडाळलं. यादी उतरवून घ्यायला पुढे काही महिने मुदत होती.

मी माझी यादी उतरवली. आठ वर्षांत साठवलेले साधारण चौदाशे लेख. हातात आली एक सीएसव्ही फाइल, म्हणजे एक्सेलमध्ये उघडतो तसला साधा तक्ता. त्यात शीर्षकं होती, लिंका होत्या, तारखा होत्या. लेख नव्हते. म्हणजे आठ वर्षं मी लेख साठवत नव्हतो, लेखांचे पत्ते साठवत होतो. हा फरक मला त्या दिवशी कळला, तोही टेक्नॉलॉजीवर लिहिणारा माणूस असून!

मग एका रविवारी एकेक पत्ता उघडत बसलो. अनेक घरं पडलेली होती. २०२४ मध्ये प्यू रिसर्च सेंटरने असं मोजलं होतं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. हा आकडा मी आधी वाचला होता, पण आकडा वाचणं वेगळं आणि आपल्याला हवं असलेलं पान न सापडणं वेगळं.

मला हवं असलेलं पान होतं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांवरचं. मी बीडचाच. आमच्या शाळेत दिवाळीनंतर वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. पोरं आई-बापाबरोबर कारखान्याच्या फडावर जायची, आणि परत यायची तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असायची. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. पाऊस येतो-जातो तशी ती पोरं यायची-जायची. पुढे २०१६ मध्ये कॉलेजात असताना एक मराठी लेख दिसला. लेखक एका टोळीबरोबर पूर्ण हंगाम राहिला होता. मुकादमाकडून घेतलेली उचल, नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणायची पद्धत, कोपीतली थंडी, पहाटे तीनला भरायची गाडी, असं सगळं त्यात होतं. मी पहिले तीन-चार परिच्छेद वाचले, माझी बस आली, लेख सेव्ह केला. 'नंतर वाचू.'

नऊ वर्षांनी उघडला तर साइटच नाही. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्या साइटचं मुखपृष्ठ सापडलं, पण तो लेख नाही.

फीडमध्ये हे का येत नाही

तुम्ही म्हणाल, एक लेख गेला तर दुसरा मिळेल. रोज इतकं काही समोर येतंच की. तेच तर बघू या, समोर काय येतं ते.

फोनवर उजवीकडे सरकवलं की गूगल डिस्कव्हर उघडतं. तुम्ही काय शोधलंत, कशावर टॅप केलंत, यावरून ते पुढचं काय दाखवायचं ते ठरवतं. गूगलने साइटवाल्यांसाठी जी जाहीर मार्गदर्शक माहिती दिली आहे, त्यात चित्र निदान १२०० पिक्सेल रुंद असावं असा सल्ला आहे. लेखक त्या गावात किती दिवस राहिला, किती जणांशी बोलला, हे मोजायचं कुठलंही यंत्र नाही, आणि असणार तरी कसं? मशीनला टॅप दिसतो. वाचून झाल्यावर दोन दिवस तुम्ही अस्वस्थ होतात, हे त्याला दिसत नाही.

सोशल मीडियाचं गणित आणखी सरळ आहे. लिंकवर टॅप केलं की तुम्ही त्यांच्या ॲपमधून बाहेर पडता, आणि तुम्ही बाहेर पडणं त्यांना परवडत नाही. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंक टाकली तर ती टॅपच होत नाही. २०२४ मध्ये इलॉन मस्क यांनी एक्सवरच्या लोकांना सल्ला दिला की मुख्य पोस्टमध्ये वर्णन लिहा, लिंक खाली रिप्लायमध्ये टाका. व्हॉट्सॲपवर तर लेखाचं नाव-गाव-लेखक सगळं गळून फक्त मजकूर फिरतो, आणि खाली कुणाचंही नाव चिकटतं.

दुसरी गोष्ट ताजेपणाची. फीडला 'आज'चं हवं असतं. उत्तम सत्यकथन मात्र दहा वर्षांनीही तसंच राहतं. (सत्यकथन म्हणजे काल्पनिक नसलेली, पण गोष्टीसारखी सांगितलेली हकीकत. याला इंग्रजीत बरीच नावं आहेत, मराठीत जुना शब्द रिपोर्ताज.) उदाहरण देतो. जुलै २०१५ मध्ये 'द न्यूयॉर्कर'मध्ये कॅथरिन शुल्झ यांचा 'द रिअली बिग वन' हा लेख आला. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ समुद्राखाली कॅस्केडिया नावाचा पट्टा आहे. तिथे जमिनीचं एक ताट दुसऱ्याखाली सरकतंय. हे समजावायला त्या वाचकाला स्वतःचे दोन हात समोर धरायला लावतात, बोटांची टोकं एकमेकांना टेकवून. एका मिनिटात भूगर्भशास्त्र तुमच्या मनगटात उतरतं.

आणि मग ती गोष्ट. तिथला शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० च्या रात्री झाला, हे आज तारखेसकट माहीत आहे. तेव्हा तिथे लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. मग कळलं कसं? किनाऱ्यावर उभ्या वाळलेल्या झाडांच्या जंगलाने अर्धं उत्तर दिलं, आणि अर्धं दिलं समुद्रापलीकडच्या जपानने. तिथल्या जुन्या नोंदींमध्ये एक त्सुनामी होती, जिच्याआधी कुणालाही धक्का जाणवला नव्हता. आईबापाविना आलेली लाट! ती कुठून आली हे कळायला तीनशे वर्षं जावी लागली. डिटेक्टिव्ह कथेसारखं हे उलगडत जातं, आणि त्याच ओघात तुम्हाला समजतं की त्या किनाऱ्यावर आज शाळा आहेत, दवाखाने आहेत आणि तयारी जवळजवळ शून्य आहे. या लेखाला २०१६ चा फीचर लेखनाचा पुलित्झर मिळाला. मी तो २०२१ मध्ये वाचला. फीडने तो मला कधीही दाखवला नसता. कुणीतरी 'वाच' म्हणालं म्हणून वाचला.

हे 'कुणीतरी' फार महत्त्वाचं आहे.

निवडणारी माणसं आणि बंद पडणारी दुकानं

लांब लेखांचा सुवर्णकाळ म्हणावा असा एक काळ नेटवर होऊन गेला. २००९ मध्ये ट्विटरवर एका हॅशटॅगपासून 'लाँगरीड्स' सुरू झालं. २०१० मध्ये 'लाँगफॉर्म' आलं. रोज दोन-चार उत्तम लेख माणसं स्वतः वाचून निवडायची आणि यादी टाकायची. आयफोन नवा होता, लोकांना वाटलं छोट्या पडद्यावर कुणी लांब वाचणार नाही, वाचलं! लाँगफॉर्मने लेख सुचवणं दशकभरानंतर थांबवलं, त्यांचं पॉडकास्ट २०२४ मध्ये संपलं. गूगलने रीडर तर १ जुलै २०१३ लाच बंद केलं होतं. इन्स्टाग्रामच्या संस्थापकांनी २०२३ मध्ये 'आर्टिफॅक्ट' नावाचं बातम्या आणि लेख सुचवणारं ॲप काढलं, वर्षभरात ते आवरतं घेत असल्याचं जाहीर झालं. ऑम्निव्होर नोव्हेंबर २०२४ मध्ये गेलं. मग पॉकेट.

यावरून मी काढलेला निष्कर्ष असा, की वाचनासाठी 'सगळ्यात भारी ॲप कोणतं' हा प्रश्नच चुकीचा आहे. ॲप जाणारच. तुम्ही निवडलेली माणसं आणि तुमच्याकडची प्रत, एवढंच राहतं.

आता कुणी म्हणेल, एआयला विचारू की. मीही विचारलं. एका चॅटबॉटला म्हटलं, ऊसतोड मजुरांवरचे पाच उत्तम मराठी रिपोर्ताज सांग. त्याने पाच शीर्षकं दिली, लेखकांच्या नावांसकट, अंकाच्या वर्षासकट. दोन कुठेच सापडली नाहीत, तिसऱ्याचा लेखक खरा पण त्याने तसं काही लिहिलेलंच नाही. माझंच नशीब खोटं असं समजू नका. मे २०२५ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स'बरोबर आलेल्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची यादी छापली गेली, त्यातली दहा पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. यादी एआयने बनवली होती आणि कुणी तपासली नव्हती. सापडलेला लेख समजून घ्यायला एआय वापरा, जरूर वापरा. पण न वाचलेल्याने सुचवलेलं पुस्तक आणि न जेवलेल्याने सांगितलेलं हॉटेल, दोन्हीत धोका सारखाच.

मग मी शोधतो कसं

सगळ्यात स्वस्त युक्ती पुरस्कारांच्या याद्यांची. पुलित्झरच्या वेबसाइटवर फीचर लेखनाचा विभाग १९७९ पासूनचा आहे, आणि अलीकडच्या बऱ्याच वर्षांचे विजेते लेख तिथेच पूर्ण वाचता येतात. विजेत्यांबरोबर अंतिम फेरीतली नावंही असतात, ती सोडू नका. आपल्याकडे रामनाथ गोएंका पुरस्कारांची यादी बघा. त्यात भारतीय भाषांसाठी वेगळा विभाग असतो. यादीतून लेख नाही, लेखकाचं नाव उचलायचं. एक लेख आवडला की त्याच माणसाचे बाकीचे सगळे शोधायचे. साइट फॉलो करण्यापेक्षा माणूस फॉलो करणं कधीही बरं, कारण साइटवर दिवसाला पन्नास गोष्टी येतात आणि तो माणूस वर्षातून तीनच लिहितो.

शोधताना गूगलला थोडं कामाला लावा. इंग्रजी अक्षरांत 'साइट' लिहून लगेच कोलन आणि पुढे जागा न सोडता साइटचा पत्ता टाकला, की शोध तेवढ्याच साइटपुरता होतो. 'बिफोर' कोलन २०१८ असं टाकलं की त्याआधीचंच येतं आणि ताज्या बातम्यांचा गाळ बाजूला होतो. मराठीत विषयाबरोबर प्रकाराचा शब्द जोडा: 'रिपोर्ताज', 'दिवाळी अंक', 'दीर्घ लेख'. ऱ्हस्व-दीर्घ बदलूनही एकदा शोधा. मराठी नेटवर शुद्धलेखन हा ज्याचा-त्याचा प्रश्न आहे.

मराठीतून सुरुवात करायची तर माझं पहिलं बोट 'पारी'कडे जातं, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलं. ('दुष्काळ आवडे सर्वांना' हे त्यांच्याच पुस्तकाचं मराठी रूप.) फुकट आहे, आणि लेख अनेक भारतीय भाषांत येतात, मराठीत भरपूर. त्यातला जात्यावरच्या ओव्यांचा विभाग तर एकदा तरी उघडाच. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या होत्या. त्या गाणाऱ्या बायांच्या आवाजासकट, त्यांच्या गोष्टींसकट तिथे मिळतात. माझ्या आजीने फोनवर ऐकल्या तेव्हा ती पुढची ओळ आधीच म्हणू लागली.

'साधना' साप्ताहिक १९४८ पासूनचं आहे, त्यांचं 'कर्तव्य साधना' हे डिजिटल पोर्टल २०१९ मध्ये आलं. बाकी 'अक्षरनामा' आहे, 'ऐसी अक्षरे'चे ऑनलाइन दिवाळी अंक आहेत. सगळंच उत्तम असतं असं नाही. मराठीत मत मांडणारा लेख पैशाला पासरी आहे. जाऊन, राहून, बघून लिहिलेला लेख कमी. तो ओळखायची माझी साधी खूण: पहिल्या पाच परिच्छेदांत एखादा माणूस दिसतोय का, आणि लेखकाला घरी बसून कळली नसती अशी एखादी गोष्ट आहे का.

मराठीची खास अडचण

आपला सगळ्यात चांगला रिपोर्ताज बराचसा नेटवर नाहीच. तो दिवाळी अंकांत, मासिकांत, पुस्तकांत आहे. अनिल अवचट हमालांमध्ये गेले, निपाणीच्या तंबाखू कामगार बायांमध्ये गेले, ते वाचायला 'माणसं' हे पुस्तकच हातात घ्यावं लागतं. युनिक फीचर्सच्या 'अनुभव' मासिकाने वर्षानुवर्षं असे लेख छापले.

आणि जे नेटवर आहे, तेही गूगलला दिसेलच असं नाही. कारण फॉन्ट. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये बनायचा. त्यात 'क' हा संगणकासाठी 'क' नसतोच. एखाद्या इंग्रजी अक्षराला 'क'चा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट असेल तर मराठी दिसतं, नसेल तर मुखवटा गळतो आणि उरतो इंग्रजी अक्षरांचा चिवडा. गूगल तो चिवडाच वाचतं. तुम्ही 'ऊसतोड' शोधलंत तर त्या पानावर 'ऊसतोड' हा शब्दच नाही! स्कॅन केलेल्या पीडीएफचं तसंच, ते अक्षरांचे फोटो असतात. कित्येक प्रेसमध्ये छापायच्या फाइली आजही जुन्याच फॉन्टमध्ये लागतात. म्हणून मराठीत 'गूगलवर नाही' याचा अर्थ 'लिहिलंच नाही' असा घेऊ नका. आधी तालुक्याच्या वाचनालयात चौकशी करा.

साठवायचं असं की उरेल

मी आता तीन गोष्टी करतो. आवडत्या साइटी आरएसएसने जोडल्या आहेत. आरएसएस म्हणजे साइटने स्वतः ठेवलेली नव्या लेखांची यादी. फीडली, इनोरीडर किंवा फीडरसारखं कुठलंही ॲप ती उचलतं, आणि क्रम तारखेचा असतो, कुणाच्या अल्गोरिदमचा नाही. साइट वर्डप्रेसवर असेल तर पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहिलं की बहुतेक वेळा ती यादी उघडते. उद्या ॲप बंद पडलं तर जोडण्यांची फाइल दुसऱ्या ॲपमध्ये टाकायची, पाच मिनिटांचं काम. दुसरं, लेख आवडला की क्रोममध्ये शेअर, मग प्रिंट, मग 'सेव्ह ॲज पीडीएफ'. फाइलच्या नावात लेखक आणि वर्ष. तिसरं, तोच पत्ता वेबॅक मशीनच्या 'सेव्ह पेज नाऊ'मध्ये टाकतो, म्हणजे माझ्यानंतर शोधणाऱ्यालाही सापडेल. खाजगी ग्रुपवरचं किंवा पैसे भरून वाचायचं असं तिथे टाकत नाही. आणि जिथे वर्गणी मागतात तिथे जमेल तेव्हा भरतो. हंगामभर फडावर राहून लिहायला पैसे लागतात.

मी वाचनाची रोजची सक्ती वगैरे करून घेत नाही. आठवड्याला एक लांब लेख, तोही बहुधा एसटीत.

आता त्या ऊसतोडीच्या लेखाचं. सीएसव्हीच्या तक्त्यात शीर्षकाबरोबर लेखकाचं नाव नव्हतं. पण मी २०१६ मध्ये पहिल्या परिच्छेदाचा स्क्रीनशॉट एका मित्राला पाठवला होता. त्याच्या जुन्या फोनमध्ये तो निघाला आणि वरच्या कोपऱ्यात लेखकाचं नाव होतं. नावावरून माणूस सापडला, फेसबुकवर मेसेज टाकला. तीन आठवडे काही नाही. मग उत्तर आलं: "साइट चालवणाऱ्यांनी डोमेनचे पैसे भरले नाहीत, सगळं गेलं. माझ्याकडे मूळ फाइल आहे बहुतेक. बघतो."

फाइल आली. उघडली तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. जुना फॉन्ट! ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकून युनिकोड केलं, जोडाक्षरं मोडली होती ती हाताने नीट केली, त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. लेख माझ्या आठवणीपेक्षा लांब निघाला, साडेसात हजार शब्दांचा. मी २०१६ मध्ये जिथे थांबलो होतो त्याच्या पुढच्याच पानावर एक मुलगा आहे. तो फडावर मोळ्या मोजतो आणि वहीत लिहून ठेवतो, कारण त्याला गणिताची परीक्षा चुकवायची नसते. गावाचं नाव दिलंय. आमच्यापासून अकरा किलोमीटरवर.

लेखकाला विचारून ती युनिकोड प्रत मी त्यांना परत पाठवली आहे. कुठे टाकायची ते बघतो म्हणालेत.